किती लावू, भाऊ? जिममधल्या वजनाचा हिशोब

अलीकडे डॉक्टरांच्या सल्ल्यात एक नवी ओळ आली आहे. साखर वाढलेली असो, हाडं ठिसूळ झालेली असोत की वजन उतरवायची इंजेक्शनं सुरू झालेली असोत, ‘चालण्यासोबत स्ट्रेंथ ट्रेनिंगही करा’ असं हमखास सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही हेच आहे: आठवड्यातून किमान २ दिवस, शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण पडेल असा व्यायाम. पण ताण किती, हे कोणी लिहून देत नाही.

मग माणूस नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या नाहीतर सक्करदऱ्याच्या एखाद्या जिममध्ये जातो आणि विचारतो, ‘किती लावू, भाऊ?’ उत्तर मिळतं, ‘लाव ना बे दहा-दहा, काही नाही होत!’ त्याच जिममध्ये काकूंच्या हाती २ किलोचे गुलाबी डंबेल येतात आणि वर्षभर तेच राहतात. पोराला जास्त दिलं, काकूंना कमी दिलं. दोघांचंही वजन चेहरा बघून ठरलं, ते उचलताना काय होतं हे कोणी पाहिलंच नाही.

योग्य वजन आधीपासून कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. सेटच्या शेवटच्या दोन-तीन उठावांत ते दिसतं. ते कसं बघायचं, त्याचा हा हिशोब.

आधी चार शब्द

वजन एकदा खाली-वर झालं की एक रेप. न थांबता केलेल्या रेप्सचा मिळून एक सेट. अंग गरम करायचे हलके सेट संपल्यावर ज्या वजनानं खरी मेहनत होते ते कामाचं वजन. चौथा शब्द सगळ्यात महत्त्वाचा: शिल्लक. सेट थांबवला त्या क्षणी, फॉर्म (म्हणजे उचलायची योग्य पद्धत) न बिघडवता, अजून जेवढे रेप्स निघाले असते तो आकडा. ८ रेप्सवर थांबलात आणि अजून २ च निघाले असते, तर शिल्लक २. त्याच वजनानं १५ निघाले असते, तर शिल्लक ७, म्हणजे तो सेट वॉर्मअपच झाला.

स्नायूला प्लेटवरचा आकडा वाचता येत नाही. काम त्याच्या ताकदीच्या टोकाच्या किती जवळ गेलं, एवढंच त्याला कळतं. शिल्लक नेहमीच ५-६ राहिली तर शरीराला बदलायचं काही कारण उरत नाही. उलट दर सेटला शिल्लक शून्य करायची, रॉड अर्ध्यात अडकेपर्यंत ओढायचं, तर शेवटच्या रेपला फॉर्म मोडतो आणि पुढच्या सेटमध्ये १० चे ५ होतात. नवख्यानं पहिले दोन महिने शिल्लक ३ ठेवावी, पुढे १ ते ३.

हलक्या वजनानं २५-३० रेप्स करूनही स्नायू वाढतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मात्र त्यासाठी सेट अगदी टोकापर्यंत न्यावा लागतो, आणि तिथे पोचेपर्यंत बहुतेकांचा दम किंवा धीर आधी संपतो. ताकद वाढवायची असेल तर जड वजनाला पर्याय नाही. म्हणून बहुतेकांसाठी ६ ते १२ रेप्सचा पट्टा सोयीचा.

नवख्याला शिल्लक ओळखणं जमत नाही, हे खरं. जळजळ आणि कंटाळा यांनाच तो शेवट समजतो. त्यापेक्षा वेगाकडे बघा. पूर्ण जोर लावूनही वजन आधीच्या रेपपेक्षा स्पष्टपणे हळू वर जायला लागलं, की साधारण २-३ रेप्स उरलेत असं धरा. तीन-चार आठवड्यांतून एकदा लेग प्रेस किंवा लॅट पुलडाउनसारख्या, अंगावर काही पडणार नाही अशा मशीनवर अंदाज पडताळून पाहता येतो. ८ व्या रेपला ‘अजून ३’ असं मोठ्यानं म्हणा आणि करत राहा. ७ निघाले तर आजवर तुम्ही स्वतःला बरंच वाचवत होता.

रॉडवर खरंच किती किलो आहे?

स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो, महिलांचा १५ किलोचा आणि २.०१ मीटर. गल्लीतल्या जिमचा रॉड यातला असेलच असं नाही. पाच-सहा फुटी बारीक रॉड ७ ते १० किलोचे निघतात, बायसेप्ससाठीचा वाकडा रॉड त्याहून हलका. साधा वजनकाटा मिळाला तर रॉड हातात धरून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे न करता ‘दोन्हीकडे दहा’ म्हणणारा एका जिममध्ये २८ किलो उचलतो आणि दुसऱ्या जिममध्ये ४०, आणि मग ‘त्या जिममध्ये ताकद वाढली होती’ असं सांगत फिरतो.

काही डंबेलांवर आकडा पाउंडात असतो. १ पाउंड म्हणजे ०.४५ किलो, म्हणजे ४५ पाउंडचं डंबेल साधारण २० किलोचं. स्मिथ मशीनच्या, म्हणजे उभ्या दांड्यांवरच वर-खाली सरकणाऱ्या, रॉडला बऱ्याचदा आतून प्रतिवजन जोडलेलं असतं, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा हलका लागतो. केबल मशीनमध्ये दोरी वजनासोबत वर-खाली सरकणाऱ्या कप्पीवरून आली असेल तर हातावर येणारं वजन निम्मं होतं. त्यामुळे मशीनवरचा आकडा फक्त त्याच मशीनपुरता धरायचा. वहीत मशीनच्या नावासकट लिहिला की पुरे.

पहिल्या दिवशीचं वजन

एक उदाहरण घेऊ. बेंच प्रेस, म्हणजे बेंचवर उताणं झोपून रॉड छातीपासून वर ढकलायचा; रॉड ८ किलोचा.

नुसता रॉड, १० रेप्स. सोपं गेलं. एक मिनिट थांबा. दोन्ही बाजूंना ५-५ लावले, झाले १८ किलो, ८ रेप्स. अजूनही सगळे रेप्स एकाच वेगानं गेले. दोन मिनिटं थांबा. आता १०-१० लावून २८ किलो. सहावा रेप थोडा हळू, आठवा आणखी हळू, पण रॉड सरळ रेषेत वर गेला, ढुंगण बेंचवरून उचललं गेलं नाही. वाटलं, अजून ३ निघाले असते. तेव्हा थांबायचं. २८ किलो हे आजचं कामाचं वजन. त्यावर आणखी दोन सेट, मध्ये २ ते ३ मिनिटांची विश्रांती.

यात एकदाच उचलता येईल असं कमाल वजन शोधायची गरज पडली नाही. ‘तुझा मॅक्स किती’ हा प्रश्न पोरांचा आवडता असला तरी नवख्यानं तो कागदावरच सोडवावा. एपलीचं सूत्र त्यासाठी पुरतं: वजन गुणिले (१ + रेप्स भागिले ३०). आपल्या उदाहरणात ८ रेप्स आणि शिल्लक ३, म्हणजे ११. २८ × (१ + ११/३०) = साधारण ३८ किलो. याचे ७० टक्के साधारण २७, म्हणजे शिल्लक मोजून आपण जिथे पोचलो तिथेच सूत्रही पोचतं. नवख्यांसाठी कमाल वजनाच्या ६० ते ७० टक्क्यांची शिफारस सर्वमान्य आहे. मात्र १०-१२ रेप्सच्या पुढे हे सूत्र भरकटत जातं, म्हणून २५ रेप्स मारून त्यावरून मॅक्स काढत बसू नका.

चाचपणी कुठून सुरू करायची हे व्यायामावर अवलंबून आहे. खांद्यावरून डोक्यावर ढकलायच्या व्यायामाला महिलांनी अडीच आणि पुरुषांनी ५ किलोच्या डंबेलांपासून, छातीशी डंबेल धरून करायच्या स्क्वॅटला ५ ते १० किलोपासून, जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहायच्या डेडलिफ्टला एकूण २० किलोच्या आसपास. इथून वर चढायचं. पहिल्या दिवशी अंदाज चुकलाच तर हलक्या बाजूला चुकू द्या, कारण पुढच्या वेळी वाढवणं सोपं असतं.

१५-१२-१०-८ चं काय?

आपल्याकडच्या जिममधला हा ठरलेला मंत्र. दर सेटला प्लेट वाढवायची आणि रेप्स कमी करायचे. पद्धत चुकीची नाही, पण एक गोष्ट तपासा: पहिल्या १५ च्या सेटला शिल्लक किती होती? बहुतेकांची ८-१० असते. १२ च्या सेटला ५-६. म्हणजे चारपैकी दोन सेट वॉर्मअपचे झाले, आणि वहीत मात्र ‘चार सेट मारले’ असं लिहिलं गेलं. उलट कोणी पहिल्याच १५ ला दम काढला, तर शेवटच्या जड सेटपर्यंत त्याच्यात काही उरत नाही. त्यापेक्षा वॉर्मअपला वॉर्मअप म्हणावं: रिकामा रॉड १० वेळा, कामाच्या वजनाचं अर्धं ५ वेळा, पाऊण ३ वेळा, आणि मग कामाच्या वजनाचे ३ सारखे सेट.

तंत्र म्हणजे अंतराचा हिशोब

‘फॉर्म’ हा शब्द जिममध्ये इतक्या सैलपणे वापरतात की तो दिसण्याचा विषय वाटू लागतो. मुळात तो भौतिकशास्त्राचा विषय आहे. सांध्यावर पडणारा भार वजनावर जितका अवलंबून असतो, तितकाच ते वजन सांध्यापासून किती लांब आहे यावर. घरचं भरलेलं गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचं. पोटाला चिकटवून उचललं तर कंबरेपासून ते जेमतेम २० सेंटिमीटरवर असतं. हात लांब करून, वाकून, ओट्याखाली सरकवायला गेलं की तेच अंतर ५० सेंटिमीटर होतं आणि कंबरेवरचा भार अडीचपट. सिलिंडर तेच, त्याचं वजन तेच. कंबर धरते ती बहुतेकदा अशा वेळी.

म्हणजे रॉड १० सेंटिमीटर पुढे गेला तरी कंबरेला जास्तीच्या प्लेट लावल्यासारखंच होतं. म्हणून वजन निवडणं आणि तंत्र हे दोन वेगळे विषय मानता येत नाहीत. ज्या वजनाला रॉड आपल्या रेषेतून बाहेर पळतो, ते वजन आज जास्त आहे.

डेडलिफ्ट: सगळ्यात साधा, सगळ्यात बदनाम

पाय कमरेइतके अंतर ठेवून उभे राहा. रॉड पावलाच्या मध्यावर, म्हणजे नडगीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. आता गुडघे न वाकवता, ढुंगण मागे ढकलत खाली जा आणि रॉड धरा, हात पायांच्या किंचित बाहेर. मग नडगी रॉडला टेकेल एवढेच गुडघे पुढे आणा. छाती वर काढा, बगलेत वर्तमानपत्र दाबून धरल्यासारखे दंड अंगाशी आवळा. पोटात श्वास भरा, पोट कडक करा. आणि रॉड वर ओढायचा विचार न करता जमीन पायांनी खाली ढकला. रॉड मांड्यांना घासतच वर आला पाहिजे. उभे झालात की थांबा, मागे झुकायची गरज नाही. खाली नेताना आधी ढुंगण मागे, रॉड गुडघ्यांखाली गेला की मग गुडघे वाकवायचे.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त दिसणारी चूक: ढुंगण आधी वर उडतं आणि रॉड जमिनीवरच राहतो. मग पाय बाद, आणि सगळं काम कंबर करते. कारणं दोन: सुरुवातीला ढुंगण फार खाली होतं, किंवा वजन जास्त आहे. १० टक्के कमी करून बघा. चूक गेली तर कारण वजन होतं. राहिली तर सुरुवातीची उंची बदला.

दुसरी चूक जिमच्या सामानामुळे होते आणि दोष मात्र माणसाच्या माथी येतो. स्पर्धेच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून २२.५ सेंटिमीटर उंचीवर असतो. डेडलिफ्टचं सगळं वर्णन या उंचीसाठी आहे. आपल्याकडच्या लोखंडी १० किलोच्या प्लेटा बऱ्याच लहान असतात, त्या लावल्या की रॉड ७-८ सेंटिमीटर खाली जातो आणि पाठ गोल केल्याशिवाय हात पोचतच नाही. यावर उपाय सोपा: दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली एकेक-दोन-दोन प्लेटा आडव्या ठेवून रॉड उंच करा, किंवा रॅकच्या (रॉड ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या) पिनांवरून सुरुवात करा. उंची महत्त्वाची, जमिनीला शिवून आणल्याचं बक्षीस नाही.

कंबरेचा पट्टा नवख्याला लागत नाही. बूट मात्र बघा. पळायच्या बुटाचा मऊ तळवा वजनाखाली दबतो आणि टाच डगमगते. सपाट कॅनव्हासचा बूट बरा.

स्क्वॅट आणि बेंच

स्क्वॅटची सुरुवात छातीशी एक डंबेल उभा धरून करावी. समोर वजन असलं की धड आपोआप सरळ राहतं. पाय खांद्याइतके, बोटं १५ ते ३० अंश बाहेर. श्वास भरून खाली, गुडघे बोटांच्या दिशेनं. मांडीचा वरचा सांधा गुडघ्याच्या पातळीला येईल इतकं खाली जाता आलं तर उत्तम, पण तळाशी ढुंगण आत वळून कंबर गोल होत असेल तर त्याच्या थोडं वर थांबा. वर येताना गुडघे आत कोसळले तर वजन कमी करा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला आहे; टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट ठेवून बघा. मिहानमधल्या ऑफिसात दहा तास खुर्चीत बसणाऱ्या पंचविशीतल्या मुलापेक्षा आयुष्यभर जमिनीवर बसून स्वयंपाक केलेल्या आजींचा घोटा कधी कधी जास्त मोकळा असतो, यात नवल नाही. डंबेल २० किलोच्या पुढे गेला की तो धरून ठेवणं हेच मोठं काम होतं, तेव्हा रॉड पाठीवर घ्यायची वेळ आली.

बेंचला खांद्यांची पाती मागे आणि खाली ओढून बेंचमध्ये रोवा. रॉड छातीच्या खालच्या भागाला टेकतो तेव्हा कोपर ते मनगट सरळ उभं दिसलं पाहिजे. कोपरं कानांच्या रेषेत फाकवू नका, धडापासून साधारण ४५ ते ७० अंशांत ठेवा. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. आणि मदतीला कोणी नसेल तर रॉड सोडून डंबेल घ्या, किंवा सेफ्टी पिना लावलेल्या रॅकमध्येच करा. छातीवर रॉड घेऊन अडकलेल्या माणसाच्या हाती फारसं काही उरत नाही.

मोबाइल कमरेच्या उंचीवर, बाजूनं लावून एक सेट चित्रित करा. आरशात बघायला मान वळवली की फॉर्म तिथेच बिघडतो.

वाढवायचं कधी आणि किती?

साधी पद्धत अशी. ३ सेट, ८ ते १२ रेप्स. पहिल्या आठवड्यात २८ किलोवर १०, ९, ८ निघाले. वजन तेच ठेवा आणि दर वेळी कुठल्या तरी सेटमध्ये एक रेप वाढतोय का बघा. ज्या दिवशी १२, १२, १२ झाले आणि फॉर्म टिकला, त्याच्या पुढच्या वेळी वजन वाढवा. रेप्स परत ९-८-८ वर येतील, येऊ द्या. तिथून पुन्हा चढायचं.

वाढ २ ते १० टक्क्यांची असावी: पायांच्या व्यायामाला वरच्या टोकाची, हातांच्या व्यायामाला खालच्या. इथे आपल्या जिम अडवतात. सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, दोन्हीकडे लावली की थेट ५ किलो. २८ वरून ३३, म्हणजे जवळपास १८ टक्के. डंबेलांचं त्याहून वाईट, ५ नंतर थेट साडेसात, म्हणजे दीडपट! काकूंची गाडी वर्षभर अडकते ती बऱ्याचदा इथेच, आणि बोल लागतो त्यांच्या इच्छाशक्तीला.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत वजन १-१ किलोनं वाढवता येतं. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलून रौप्य जिंकलं. सुवर्ण २४९ ला गेलं. त्या पातळीवर एका किलोला किंमत आहे, तर खांद्याच्या व्यायामाला आपल्याकडून एकदम अडीच किलोची उडी का अपेक्षावी? सव्वा किलोच्या दोन प्लेटा खेळाच्या सामानाच्या दुकानातून घेऊन पिशवीत ठेवल्या तर बहुतेक अडचण सुटते. त्या नसतील तर रेप्सची वरची मर्यादा १५ करा, किंवा खाली आणताना ३ सेकंद मोजा, आणि मगच उडी घ्या. तीन सेटपैकी पहिलाच सेट नव्या वजनानं आणि बाकीचे दोन जुन्या वजनानं, हीही युक्ती चालते.

पहिल्या दोन महिन्यांत उचललं जाणारं वजन भराभर वाढतं. त्यात स्नायूच्या वाढीपेक्षा मज्जासंस्था आहे तेवढा स्नायू नीट वापरायला शिकते याचा वाटा मोठा. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात. म्हणून ताकद आली तरी दर आठवड्याला उडी मारू नये. कोपर आणि खांद्याची चिवट दुखणी बऱ्याचदा अशा घाईतून येतात.

‘गुडघे बोटांच्या पुढे गेले की संपले’

हा समज इतका पसरलाय की काही ठिकाणी गुडघ्यासमोर फळी धरून स्क्वॅट शिकवतात. २००३ च्या एका प्रयोगात नेमकी अशीच फळी लावून मोजमाप झालं. गुडघ्यावरचा भार सुमारे २२ टक्क्यांनी घटला खरा, पण नितंबाच्या सांध्यावरचा दहापटीहून जास्त झाला, कारण गुडघे अडवले की माणूस तोल सांभाळायला धड पुढे झुकवतो. भार नाहीसा झाला नाही, दुसरीकडे गेला. निरोगी गुडघा बोटांच्या थोडा पुढे गेला तर बिघडत नाही. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी खोली आणि वजन कमी ठेवून, खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करावी.

‘आम्ही कशाला जड उचलायचं?’

महिलांचा नेहमीचा आक्षेप: शरीर पुरुषी होईल. महिलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असतं, त्यामुळे चुकून मोठे दंड येत नाहीत. मीराबाई चानूनं टोकियोत ४९ किलो गटात खेळताना ११५ किलो डोक्यावर नेले. ताकद वाढली म्हणून ती गटाबाहेर फुगली नाही.

वयाचा आक्षेप त्याहून कमकुवत आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या लोकांना ८ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. कमाल वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करून ८० टक्क्यांपर्यंत नेलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकीच होती आणि सगळं देखरेखीखाली झालं, हे लक्षात ठेवूनही ‘आता काय वय आहे का’ या वाक्याला फारसा आधार उरत नाही.

आणि बागेतलं ग्रीन जिम? सांधे हलवायला छान. पण त्या बहुतेक यंत्रांत आपलं स्वतःचंच वजन उचललं जातं आणि ते वाढवायची सोय नसते. महिन्याभरात शिल्लक १५ वर जाते. पाठीवरच्या बॅगेत तांदळाच्या पिशव्या भरून केलेले स्क्वॅट त्यापेक्षा जास्त काम देतात.

रक्तदाब असेल तर

पोट कडक करून श्वास रोखला की कण्याला आधार मिळतो, पण रक्तदाब झपाट्यानं चढतो. १९८५ च्या एका प्रयोगात शरीरसौष्ठवपटू दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करत असताना धमनीत थेट मोजलेला दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. निरोगी शरीर हे काही सेकंद सोसतं. विश्रांतीतला दाब १८०/११० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वजनाला हात लावू नये. हृदयविकार, हर्निया किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. औषधांनी दाब आटोक्यात असलेल्यांनी १२ ते १५ रेप्सचं वजन घ्यावं, शिल्लक ३-४ ठेवावी, आणि जोर लावताना श्वास सोडावा. मोठ्यानं रेप्स मोजत राहिलं तर श्वास रोखताच येत नाही.

मे महिन्याचं नागपूर

पारा ४५ वर असताना मार्चमधलं वजन तेवढ्याच रेप्सना निघालं नाही, तर घाबरू नका. त्वचेकडे रक्त वळतं, ठोके आधीच वाढलेले असतात, पाणी कमी झालेलं असतं. जिममध्ये कूलर असेल तर वारा मिळतो, पण दारं बंद असली की दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी ६ ची वेळ गाठा, दोन सेटमधली विश्रांती एक मिनिट वाढवा, तीनऐवजी दोन सेट करा. वजन मात्र शक्यतो तेच ठेवा. ताकद टिकवायला थोडे सेट पुरतात, पण वजन फार उतरवलं तर ती लवकर ओसरते. घामानं हात घसरत असतील तर डेडलिफ्टला सुका रुमाल आणि खडूची पूड जवळ ठेवा. चक्कर, मळमळ किंवा घाम येणं अचानक बंद होणं, यापैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून सावलीत जा आणि अंग गार करा.

दुखणं कोणतं, आणि खंड पडला तर

नव्या व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत स्नायूच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं, हे अपेक्षितच. हलकं चालल्यावर ते कमी होतं. सांध्यात, एकाच बाजूला, टोचल्यासारखं दुखत असेल, मुंग्या पायात उतरत असतील किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर तो व्यायाम बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. त्यावर ‘अजून चार सेट मार, मोकळं होईल’ हा सल्ला ऐकू नका.

लग्नसराईत किंवा तापानं दोन आठवडे गेले तर परतताना वजन १० टक्के कमी लावा, आठवड्याभरात जुन्यावर याल. दोन-तीन महिने गेले असतील तर निम्म्यापासून, एकच सेट, शिल्लक ५ ठेवून. गेलेली ताकद नव्यानं कमवायला लागली त्यापेक्षा लवकर परत येते, म्हणूनच माणूस पहिल्या दिवशी जुना आकडा लावायला धजतो. पण खंडानंतर स्नायू मार सोसायला विसरलेला असतो. जास्त केलं तर क्वचित स्नायूच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात आणि त्यातली प्रथिनं मूत्रपिंडात अडकतात. दोन दिवसांत हात-पाय सुजून कडक झाले, सरळ होईनात, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट दिसली, तर वेदनाशामक गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातलं सीपीके (स्नायू फुटल्याची खूण) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) तपासून घ्यावं.